बारावीचं वर्ष: दिवाळीआधी तहसील, निकालानंतर कॉलेज

चांगलं पर्सेंटाइल असूनही मराठवाड्यातल्या पोरांची सीट हातची जाते, ती बहुतेक वेळा जूनमध्ये सेतूच्या रांगेत. निकाल लागला की अख्खा तालुका एकाच आठवड्यात दाखल्यांना पळतो. सर्व्हर बसतो, तलाठी दुसऱ्या गावी असतात, आणि कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्मची तारीख कोणासाठी थांबत नाही. म्हणून दाखल्यांचं काम अकरावीतच सुरू करा. फार तर बारावीची दिवाळी गाठा. बीड, परळी, केज, पाटोद्याकडच्या ज्या घरांतून टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांनी दसऱ्याच्या आतच उरकावं. शपथपत्रावर सही वडिलांची लागते, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो, आणि ते मार्चपर्यंत कारखान्यावर असतात.

पहिलं काम नावाचं. दहावीचं गुणपत्रक, आधार, शाळेचा दाखला आणि बँकेचं पासबुक एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक अक्षर ताडून बघा. गुणपत्रकावर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्ता’, पासबुकावर ‘दत्तात्रेय’ असा घोळ घरोघरी सापडतो. वडिलांच्या नावात ‘राव’ कुठे आहे, कुठे नाही, तेही पाहा. दहावीचं गुणपत्रक प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याच्यासारखे करून घ्या. चूक गुणपत्रकातच असेल तर दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्याला वेळ लागतो, तेव्हा ते सर्वात आधी.

मग दाखले. वय-अधिवास, उत्पन्न, जात, नॉन-क्रिमीलेयर (राखीव गटात असून प्रगत गटात नसल्याचा) किंवा ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांचा): हे सगळे आपले सरकार सेवा केंद्रातून निघतात. खरी मेहनत जात वैधतेची, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’ची. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसीला जायचं तर जातीचा दाखला पुरत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, कॉलेजच्या प्राचार्यांचं नमुना 15-ए मधलं पत्र, वंशावळीचं शपथपत्र (नमुना 3) आणि कागद खरे असल्याचं शपथपत्र (नमुना 17) जोडायचं आणि जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे द्यायचं. अनुसूचित जमातीची समिती वेगळी असते.

अडतं ते जुन्या पुराव्यावर. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्तनात्यातला कागद लागतो. आईकडचा चालत नाही. आजोबा-पणजोबा ज्या गावच्या शाळेत पहिलीत बसले, तिथल्या जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा हा सर्वात वजनदार पुरावा. शाळेत जाऊन ‘दाखला द्या’ म्हणू नका, ‘निर्गम उतारा द्या’ म्हणा. दोन्ही वेगळे कागद आहेत. आजोबा शिकलेले नसतील तर चुलत आजोबांचा शोधा, मात्र ते वंशावळीत दिसले पाहिजेत. आपल्याकडे 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं, त्यामुळे जुन्या महसुली नोंदी उर्दू किंवा मोडीत निघतात. नुसती झेरॉक्स देऊ नका, जाणकाराकडून केलेलं मराठी भाषांतर सोबत लावा. वडील, सख्खा भाऊ, बहीण किंवा सख्ख्या काकांची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम कितीतरी सोपं होतं, आधी ते विचारा. ‘पावती दाखवून प्रवेश होतो’ असं गावात सांगतात. काही वर्षी सरकारने तशी मुदत दिलीही, पण ती त्या वर्षापुरती होती. त्या भरवशावर सीट ठेवणं शहाणपणाचं नाही.

उलट नॉन-क्रिमीलेयर फार लवकर काढून फसू नका. त्याची मुदत 31 मार्चला संपते आणि प्रवेशाला त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं. एक वर्षाचं डिसेंबरमध्ये काढलं तर जूनमध्ये ते रद्दी. तीन वर्षांचं मागा, नाहीतर 1 एप्रिलनंतर अर्ज करा. उत्पन्नाचा दाखलाही नव्या आर्थिक वर्षात नवा घ्या.

नीटच्या ऑल इंडिया कोट्यात किंवा जेईईतून एनआयटीत जायचं असेल तर राज्याचा नमुना चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. एसईबीसी (मराठा समाजाचं) आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्रात त्याला जागा नाही. तिथे त्या घरातल्या पोराने केंद्राचं ईडब्ल्यूएस पाहावं, आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला 5 एकर किंवा जास्त शेती आड येते. कोरडवाहू सहा एकर असली तरी आड येते, हे ऐकून लोक चिडतात, पण नियम तसा आहे.

परीक्षेबद्दल थोडक्यात. एमएचटी-सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर, 20 टक्के अकरावीवर असतात. गणिताच्या प्रश्नाला 2 गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीला 1. गणिताचे 50 प्रश्न म्हणजे 200 पैकी 100 गुण. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये चुकलं तर 1 गुण कापला जातो, तिथे ही सवय अंगाशी येते. आणि क्लासच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवू नका. इंजिनिअरिंगला बारावीत ठरलेल्या विषयांत 45 टक्के, राखीवला 40 टक्के लागतात. लातूर-नांदेडला क्लास लावलेल्या पोरांचीही सीट इथे अडते.

कॅपचा पर्याय-अर्ज भरताना मनातल्या आवडीप्रमाणेच क्रम लावा. गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यावरून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं गुरुगोविंदसिंगजी, मग खासगी, अशी यादी घरीच कागदावर उतरवा, नेट कॅफेत बसून नाही. घराचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या (फीमाफीच्या) जागाही टाका. प्रत्येक शाखेला 5 टक्के जागा जास्तीच्या असतात, त्यांना ट्यूशन फी पूर्ण माफ, जात कुठलीही असो. मात्र त्यांचा कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असतो. कॉलेजचा साधा कोड टाकला म्हणून ही सीट आपोआप मिळत नाही.

आता पैसा. कॉलेज ‘फी एक लाख वीस’ म्हणतं, तेव्हा फोड मागा. समजा त्यात 1,05,000 ट्यूशन आणि 15,000 डेव्हलपमेंट आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फीचा निम्मा भाग म्हणजे 52,500 सरकार देतं. तुमच्या खिशातून 67,500 जातात, 60,000 नाही. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, 8 लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, पण वरच्या उदाहरणातले 15,000 त्यांनाही भरावे लागतात. आणि हे सगळं कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यात गेलात की महाडीबीटीचं (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं) दार बंद.

महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा संबंधित कार्यालयाकडे जातो. कागद अस्पष्ट असला तर तो ‘सेंड बॅक’ होतो आणि कुणी फोन करून सांगत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून बघा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरायचा असतो, तो विसरणारे फार.

पैसे अडकण्याचं दुसरं कारण बँक. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ‘सीडिंग’ होणं वेगळं. रक्कम ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तिथे जाते. पोराने मध्येच मोबाइलवरून एखादं झिरो बॅलन्स खातं उघडलं की शिष्यवृत्ती तिकडे पळते आणि घरचे सहा महिने गावच्या शाखेत पासबुक भरत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दिसते, अर्ज करण्याआधी पाहून घ्या. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फी लगेच कॉलेजला भरायची असते. नवा मोबाइल त्या पैशातून घेऊ नये.

राहण्या-जेवणाचा खर्च फीपेक्षा जास्त टोचतो. आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज, तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीला स्वाधार, जमातीला स्वयम्, ओबीसी-भटक्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या रकमा उशिरा येतात, कधी वर्ष सरता सरता. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या मेसचे आणि खोलीचे पैसे सोयाबीन विकलं की वेगळे काढा, शिष्यवृत्तीच्या नावावर उधारी करू नका.

तरी कमी पडलं तर कर्ज. साधारणपणे 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे नोंद राहते. शाखेत तोंडी ‘नंतर या’ ऐकून परत येऊ नका, नकार असेल तर लेखी मागा. वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल तर ते आधी नियमित करून घ्या, कारण सहकर्जदार म्हणून बँक त्यांचं खातं बघते. प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांच्या आतल्या घरांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण फक्त निवडक संस्थांसाठी. आपलं कॉलेज यादीत आहे का, ते आधी बघा.

व्याजाचा हिशोब एकदा घरात बसून मांडा. दरवर्षी 1 लाख असे चार वर्षांत 4 लाख उचलले, दर 10 टक्के धरला, आणि अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नाही, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन असं चौदा वर्षांचं सरळव्याज होतं: 1,40,000. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच कर्ज 5,40,000 झालेलं असतं. पहिल्या वर्षी महिन्याला साधारण 833 रुपये व्याज भरत गेलात तर हा डोंगर चढत नाही. दुसऱ्या वर्षी तो आकडा 1,667 होतो, तेव्हा दुधाच्या पैशातून तो काढता येईल का, हे सही करण्याआधी ठरवा.