उंच चालकासाठी मोटारसायकल बेतून घेताना : गॅरेजला जाण्यापूर्वीची तयारी

शोरूममध्ये गाडीवर बसल्याबरोबर विक्रेता हटकून एकच प्रश्न विचारतो, "पाय टेकतात ना?" माझ्यासारख्या सहा फूट दोन इंच उंचीच्या माणसाला या प्रश्नाचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याचे पाय सगळ्याच गाड्यांवरून टेकतात आणि खरी अडचण पाय उचलून फूटरेस्टवर ठेवल्यावर सुरू होते. सीटची जमिनीपासूनची उंची माहितीपत्रकात असते. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० ची ८०५ मिलिमीटर आहे आणि हिमालयन ४५० ची ८२५, जी गाडीतल्याच सोयीने ८४५ पर्यंत वाढवता येते. सीट ते फूटरेस्ट हे अंतर मात्र माहितीपत्रकात शोधूनही सहसा सापडत नाही आणि गुडघा किती दुमडणार हे त्याच अंतरावर ठरते. म्हणून खर्च करण्यापूर्वी घरीच टेप, वही आणि मदतीला एक माणूस घेऊन बसावे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून नेहमीच्या सवयीने बसावे, बाजूने छायाचित्र काढून घ्यावे आणि सीटच्या बसायच्या जागेपासून फूटरेस्टपर्यंतचे व हँडलच्या मुठीपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. कुठला बदल मानवला नाही, तर परत मूळ जागी येण्याची वाट याच आकड्यांतून सापडते.

दुखते कुठे, तेही त्याच पानावर लिहावे. गुडघ्याच्या वाटीपाशी दुखत असेल तर दोष बहुधा सीट आणि फूटरेस्ट यांच्यातील कमी अंतराचा असतो. मनगटे आणि दोन खांद्यांच्या मधली जागा भरून येत असेल तर हँडल खाली किंवा दूर आहे. माकडहाड दुखत असेल तर सीटचा फोम दबला आहे किंवा सीटच्या उतारामुळे शरीर सारखे टाकीकडे घसरते आहे.

कामाचा क्रम आधी सीट, मग फूटरेस्ट, मग हँडल आणि शेवटी लिव्हर असाच ठेवावा. सीट एक इंच वर गेली की चालकाच्या दृष्टीने हँडल तेवढेच खाली जाते, त्यामुळे हँडल आधी उंच करून घेणाऱ्याला ते काम पुन्हा करावे लागते. सीटचे काम घाईत उरकू नये. सीट मेकरला नुसते "उंच करून द्या" असे सांगितले तर तो मऊ फोमचा थर चढवून देतो. पहिले चार दिवस गादीवर बसल्यासारखे वाटते आणि महिनाभरात तो थर दबून उंची होती तिथेच येते. कडक, दाट फोम मागावा, पुढचा उतार भरून सीट सपाट करण्यास सांगावे आणि जोडीदाराच्या जागेपाशी असलेली पायरी शक्य तेवढी मागे सरकवून घ्यावी, कारण उंच माणसाला वर बसण्याइतकीच मागे सरकून बसण्यासाठी जागा लागते. हिरोच्या एक्सपल्ससारख्या गाडीच्या लांब, सपाट सीटवर ती आयती मिळते. कव्हर शिवण्यापूर्वी फोमवर पाणी न झिरपणारा कागद घालून घ्यावा, नाहीतर पावसाळ्यात शिलाईतून शिरलेले पाणी दिवाळीपर्यंत पँट ओली करत राहते. काळे रेक्झिन दिसते छान, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना नागपूरच्या सीताबर्डीत तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ज्याने बसून पाहिले आहे, तो फिकट रंगच निवडेल.

फूटरेस्ट खाली घेण्याचा मोह शक्यतो टाळावा. गुडघ्याला जागा मिळते हे खरे, पण वळणावर गाडी कलली की ते लवकर घासते, गतिरोधकावर अडकण्याचा धोका वाढतो आणि गिअर व ब्रेकचे पेडलही त्याच मापात खाली आणावे लागते. वेल्डिंग करून फूटरेस्ट खाली आणून देणाऱ्याकडे तर जाऊच नये.

हँडलकडे वळताना आधी फुकटचा उपाय करून पाहावा. क्लॅम्पचे बोल्ट ढिले करून हँडल थोडे मागे फिरवले तरी पुष्कळ फरक पडतो. तेवढ्याने भागले नाही तर २५ ते ३० मिलिमीटरचे रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, पाहावेत. त्यापेक्षा उंच घेतल्यास क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या वायरी व पुढच्या ब्रेकची नळी अपुरी पडण्याची शक्यता वाढते. माझ्या गाडीला एका मेकॅनिकने रायझर बसवून दिले आणि हँडल सरळ ठेवूनच तपासले. व्हरायटी चौकात यू-टर्न घेताना हँडल पूर्ण वळले, वायर ताणली गेली आणि मी मूठ पिळलेली नसताना इंजिन आपोआप ओरडू लागले. तेव्हापासून गॅरेजमधून निघण्यापूर्वी इंजिन सुरू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना, हँडल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून पाहतो : इंजिनचा आवाज बदलतो का, क्लचची ढिलाई तेवढीच राहते का, ब्रेकची नळी ताणते का, मूठ टाकीला लागते का. या चारपैकी एकाही बाबतीत शंका आली तर रायझर काढायला लावावेत.

चालक वर बसला म्हणजे लिव्हरही थोडे खाली फिरवावे लागतात. बोटे सरळ केल्यावर ती कोपरापासून आलेल्या रेषेतच लिव्हरवर पडली पाहिजेत. गिअरचे पेडल बुटाच्या मापाने लावावे, आणि मागच्या ब्रेकचे पेडल हलवले असेल तर ब्रेकलाइट वेळेवर लागतो की नाही हे पाहिल्याशिवाय निघू नये. वजन जास्त असेल तर मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवून घ्यावा. चालक बसल्यावर शॉकअपने आपल्या एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के दबणे ठीक मानतात. त्यानंतर चेनची ढिलाई आणि हेडलाइटचा झोत पुन्हा तपासावा. आरशांत आपलेच कोपर दिसत असेल तर लांब दांड्याचे आरसे घ्यावेत.

कायद्याचेही भान ठेवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील किंवा निर्मात्याचे मूळ स्वरूप बदलेल असा फेरफार करता येत नाही. सीटचा फोम आणि चेसिस कापणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कापाकापीच्या वाटेला जाऊ नये.

चाचणीसाठी एका वेळी एकच बदल करून बाहेर पडावे. पहिली फेरी अंबाझरी ते फुटाळा एवढीच पुरे, कारण काही चुकले असेल तर घर जवळ असते. दुसरी मनसरवरून रामटेकपर्यंत, एका बाजूने सुमारे पन्नास किलोमीटरची. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नाही, तेव्हा तो विचार सोडावा. पाना, ॲलन की आणि ती वही सोबत असू द्यावी, गडाच्या पायथ्याशी उतरल्याबरोबर दुखते कुठे ते लिहावे, आणि परत निघण्यापूर्वी हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट एकदा हाताने तपासून घ्यावेत.