तलावातल्या बॅक्टेरियांना कोण खातंय? तीन बरण्यांत बघा

बेळगावच्या किल्ला तलावाच्या काठाला उभारून बघितलं तर पाणी हिरवं दिसतंय, एवढंच. पण तलावाच्या १ मिलि पाण्यात साधारण १० लाख बॅक्टेरिया असतात, त्यांना गिळणारे शेपटीवाले एकपेशीय जीव हजारभर, आणि व्हायरस बॅक्टेरियांच्या दहापट. बॅक्टेरिया एवढे भराभर वाढतात तरी सगळा तलाव त्यांचाच होत नाही तो या दोघांमुळं. यातले गिळणारे घरी बघता येतात.

भाताचं पिंजर (पेंढा) खानापूर बाजूला पाहिजे तेवढं मिळतंय, मूठभर बारीक कापून दीड लिटर पाण्यात १० मिनिटं उकळा, गाळा, उकळत्या पाण्यानं धुतलेल्या तीन काचेच्या बरण्यांत सारखं ओता आणि झाकण सैल ठेवून पूर्ण गार होऊ दे, गरम असताना घाई केली तर सगळेच मरतात. पहिल्या बरणीत बिनसुईच्या सिरिंजनं १ मिलि तलावाचं पाणी घाला. दुसरीत तेच, पण दहा हजार पट पातळ करून, म्हणजे १ मिलि घेऊन उकळून गार केलेल्या ९९ मिलि पाण्यात ढवळायचं, त्यातलं १ मिलि परत दुसऱ्या ९९ मिलिमध्ये, आणि त्यातलं १ मिलि बरणीत. दरवेळी नवी सिरिंज घ्या, इथं आळस केला की सगळं वाया.

आता हिशोब बघा की, त्या शेवटच्या १ मिलिमध्ये बॅक्टेरिया उरले शंभरेक, पण गिळणारे मूळचेच हजार, त्यामुळं बहुतेक एकपण आला नाही! मला ही युक्ती फार आवडते, गाळणी नको काय नको. तिसरीत काहीच घालू नका, उकळूनही काही बीजाणू (कवचात निजलेले बॅक्टेरिया) जगतात, त्यांच्यामुळं किती गढूळ होतंय ते कळायला पाहिजे.

बरण्या सावलीत ठेवा. दोन-तीन दिवसांत पहिली गढूळ होते, दुसरी जरा उशिरा. रोज एक थेंब शाळेच्या मायक्रोस्कोपखाली ४०० पटीत बघा, पहिलीत सुळसुळ पळणारे मोठे ठिपके दिसले की ते गिळणारे. ते वाढले की सुटे बॅक्टेरिया कमी होतात आणि काही लांब धाग्यासारखे किंवा गुठळी करून राहिलेले दिसतात, कारण तसं असलं की गिळायला जमत नाही. दुसरीतपण मोठे पळणारे दिसले तर एखादा त्या १ मिलिमधनं आलाय किंवा कुठनंतरी शिरलाय, परत करा.

व्हायरस यात दिसणार नाहीत, त्यांचा आकार बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्यांची तऱ्हा वेगळी, प्रत्येकाची ठरलेली शिकार असते, म्हणून जी जात जास्त माजते तिलाच त्यांची गाठ लवकर पडते. आणि व्हायरसनं फोडलेल्या बॅक्टेरियातलं सगळं पाण्यात सांडतंय, ते बाकीचे बॅक्टेरियाच खातात, पण गिळलेला बॅक्टेरिया पुढं रोटिफर, डाफ्निया (पाण्यातले बारीक प्राणी) आणि माशापर्यंत पोचतो.

झालं की बरण्यांतलं पाणी उकळूनच ओता, आणि हात साबणानं धुवा.