शिबिराआधी खुर्च्या सांगून ठेवा

गावात बायांच्या हृदय-तपासणीचं शिबिर घ्यायचं, तर सतरंजी, माइक, पाणी कुणीही आणेल. आशाताई आणि बचत गटाला आठ दिवस आधी कळवा. तारीख कापूस वेचणी भरात यायच्या आत धरा. २९ सप्टेंबरचा जागतिक हृदय दिन सोयीचा पडतो. एकदा वेचणी लागली की दिवेलागणीपर्यंत बाया घरी सापडत नाहीत.

आता खुर्च्या. पाठ टेकता येईल अशा, निदान सहा. मागच्या वेळी मी याच विसरले. बाया शेतातून तरातरा आल्या, सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि गप्पा चालू असतानाच आम्ही बीपी मोजत सुटलो. आकडे चढेच. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात बहुतेकींचं बीपी नीट निघालं आणि गावभर झालं, ‘त्यांचं मशीन खोटं.’ जिचं खरंच १७० च्या वर होतं, तीही मग दवाखान्यात गेली नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून खुर्ची. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नाही, मिश्री नाही. जाड दंडाला मोठा पट्टा मागून घ्या, लहान पट्टा आकडा फुगवतो. १४०/९० किंवा वर आलं तर पुन्हा मोजा, चिठ्ठीवर लिहून द्या.

डॉक्टरबाईंना हार्ट अटॅकची लक्षणं बायांना नीट सांगायला लावा. छातीत दुखतंच, पण बाईला नुसता दम, जबडा-पाठ दुखणं, मळमळ, घाम एवढंही होतं. ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही, १०८ लावायचा. आणि गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हे प्रत्येकीला विचारा. त्यानं हृदयाला होणारा धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही, आणि हे कुणी विचारतच नाही.

‘शेतात राबतो ते काय कमी?’ असं म्हणतीलच. त्यांचे कष्ट खोटे ठरवू नका. पण शेतात काम नसतं तेव्हाही आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हवं: बोलता यावं, कानबाईचं गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगानं. वैशाखात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा उजाडतानाच. एकटीला नको, जोडीनं.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे फार तर चहाचा एक चमचा, पापड-लोणचं धरून. वहीत नावं, फोन. दोन आठवड्यांनी पुन्हा मोजणी.

तेव्हाही खुर्च्या. शाळेच्या असतील तर खोलीची किल्ली आदल्या रात्रीच घेऊन ठेवा.