दरापासून नव्हे, थकलेल्या बिलापासून : सांकेतिक भाषा दुभाष्यांनी एकत्र कसे यावे

पुण्यातील एका कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात मी सकाळी दहा ते दुपारी चार एकटीने भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाषाचे काम केले. त्याचे पैसे साडेतीन महिन्यांनी हाती आले, आणि मला पाठवणाऱ्या एजन्सीने त्या दिवसाचे बिल मात्र दोन दुभाष्यांचे लावले होते, हे मला त्या वर्गातल्याच एका कर्णबधिर कर्मचाऱ्याकडून कळले. मी तेव्हा गप्प बसले, कारण एकटीने तोंड उघडले असते तर पुढचे काम दुसऱ्या कोणाला गेले असते. पुढे आम्ही सात-आठ जणांनी मिळून जे केले, त्यावरून पुढील सूचना लिहीत आहे.

सर्वप्रथम प्रत्येकाने एक वही घालावी. तारीख, ठिकाण, प्रत्यक्ष वेळ, सोबत दुसरा दुभाषी होता की नाही, बिल कधी पाठवले, पैसे कधी आले आणि कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर आपल्या नावावर जमा दिसतो का, एवढ्या नोंदी पुरेत. फोनवर ठरलेले काम त्याच दिवशी मेलने लिहून पाठवावे : "आपल्या बोलण्याप्रमाणे उद्या १० ते ४, दोन दुभाषी, प्रवासखर्च वेगळा." उत्तर आले नाही तरी हा मेल पुढे उपयोगी पडतो. तीन महिन्यांनी सगळ्या वह्या एकत्र मांडल्या, तर आपल्याला दुर्दैव वाटत होते ती एजन्सीची पद्धत आहे, हे दिसून येते.

एकत्र आल्यावर पहिला विषय बहुतेकांना दराचाच सुचतो, आणि माझ्या मते तिथेच गट फुटतो. वीस वर्षे काम केलेला दुभाषी, कर्णबधिर आईवडिलांच्या घरी वाढल्यामुळे ही भाषा लहानपणापासून येणारी मुलगी आणि नुकताच डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेला मुलगा यांचे दरावर एकमत होणे कठीण असते. शिवाय सारखीच सेवा देणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून दर ठरवणे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ च्या कक्षेत येऊ शकते, त्यामुळे वकिलाला विचारल्याशिवाय दरपत्रक काढू नये. वेळेवर पैसे मिळावेत, याबाबत मात्र कोणाचे दुमत नसते आणि तिथे कायदाही आपल्या बाजूने आहे.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि मुदत लेखी ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. एकटा दुभाषीही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडे लहान उद्योगांची होणारी ऑनलाइन नोंदणी, करू शकतो आणि ती मोफत होते. मात्र काम स्वीकारण्यापूर्वीच ती करून ठेवावी, कारण मागाहून केलेल्या नोंदणीवरून वाद निघतो. उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा. पैसे अडकलेच तर या कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो. एजन्सीच्या लेखापालाला मात्र व्याजापेक्षा दुसरी गोष्ट अधिक बोचते : २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात घातलेल्या तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. आम्ही सर्वांनी सह्या करून एजन्सीला पाठवलेल्या पत्रात ही एक ओळ होती आणि पहिला फोन लेखा विभागातूनच आला.

त्यानंतर कामाच्या अटींचे एक पान तयार करावे. तासाभराहून लांब कामाला दोन दुभाषी ही अट त्यात सर्वांत वर हवी. दोघे साधारण वीस-वीस मिनिटांनी आलटूनपालटून काम करतात ते केवळ हात दुखतात म्हणून नव्हे. थकलेला मेंदू वाक्ये गाळू लागतो आणि काय गाळले गेले ते समोरच्या कर्णबधिर व्यक्तीला कळण्याचा मार्ग नसतो. कामाची कागदपत्रे आधी मिळणे आणि ऐनवेळी काम रद्द झाल्यास भरपाई, हेही लिहावे. "करार संपल्यावर दोन वर्षे आमच्या ग्राहकांकडे काम करायचे नाही" अशा कलमाला फार घाबरू नये, कारण व्यवसाय करण्यास मनाई करणारा करार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार त्या मर्यादेपुरता शून्य ठरतो. ग्राहकांची गोपनीय माहिती वापरणे ही मात्र वेगळी बाब आहे.

हे पान एजन्सीला देण्याआधी स्थानिक कर्णबधिर संघटनेसमोर ठेवावे आणि त्या बैठकीत अर्थातच सांकेतिक भाषेतच बोलावे. अपात्र माणूस पाठवल्याची झळ आपल्याआधी त्यांना बसते, आणि सेवा घेणारी संस्था आपल्यापेक्षा त्यांचे अधिक ऐकते.

संस्था नोंदवण्याची घाई नको. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली सात सभासद पुरतात, पण महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदणी आणि दरवर्षीचे हिशेबही मागे लागतात. पहिले वर्ष सह्यांच्या पत्रावर निभते. पत्र गेल्यावर एजन्सी एकेकाला वेगळे गाठून "तुमचे आम्ही बघतो, बाकीच्यांचे सोडा" असे सांगते. त्या फोनला द्यायचे उत्तर सह्या करतानाच ठरवून ठेवावे. आमचे उत्तर असे होते : "कृपया पत्रावर सही असलेल्या सर्वांना मेलवर लिहा."