गोळीतलं एनडीएमए की बाटलीतलं? एलसी-एमएसवर या चुका टाळा

जुलै २०१८ मध्ये वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधातल्या एनडीएमएची (नायट्रोसोडायमिथाइल अमाइन, कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी) बातमी फुटली आणि औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, एलसी-एमएस (द्रवातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) हे आरअँडडीवाल्यांचं खेळणं राहिलं नाही. तारापूर, कुरकुंभ, वेर्णा, कुठेही जा, वर्षानुवर्षं एचपीएलसी (घटक वेगळे करणारं, पण वस्तुमान न मोजणारं यंत्र) चालवलेल्या माणसांच्या हाती हे यंत्र आलं आणि सवयी मात्र जुन्याच राहिल्या. निम्मे घोळ तिथले आहेत.

आधी आकडा किती बारीक आहे ते बघा. एनडीएमएची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनचा रोजचा डोस २ ग्रॅम धरला, तर ती येते ०.०४८ पीपीएम (दहा लाखांत भाग). समजा मिलीला १०० मिलिग्रॅम असं चांगलं दाट द्रावण केलंत, तरी त्या मिलीत शोधायचेत फक्त ४.८ नॅनोग्रॅम. इतक्या खाली पीक (आलेखावरचा उंचवटा) दिसला म्हणून रिपोर्ट लिहायला बसू नका. तो पीक आला कुठून, हे आधी ठरवा.

७५ दिसलं की एनडीएमए, हे समीकरण सोडा

२०२० मध्ये मेटफॉर्मिनवर एका खाजगी प्रयोगशाळेचे आकडे आणि अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएचे आकडे जुळेनात. एफडीएच्या शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं डीएमएफकडे, म्हणजे आपल्या ओळखीच्या डायमिथाइल फॉर्मामाइड या सॉल्व्हंटकडे. एमएस जो वस्तुमानाचा आकडा (m/z) दाखवतं, त्यात त्याचा आयन येतो ७४.०६०० ला. मग एनडीएमएच्या ७५ शी त्याचा काय संबंध? संबंध समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचा. डीएमएफच्या काही रेणूंत एक कार्बन-१३ असतो, ते येतात ७५.०६३४ ला. काहींत नायट्रोजन-१५ असतो, ते ७५.०५७१ ला. आणि एनडीएमए बसतं ७५.०५५३ वर.

डीएमएफला रेसिड्युअल (औषधात उरलेलं) सॉल्व्हंट म्हणून ८८० पीपीएमपर्यंत मुभा आहे. निसर्गात नायट्रोजन-१५ चं प्रमाण जेमतेम ०.३७ टक्के. तरीही ८८० चे ०.३७ टक्के म्हणजे सव्वातीन पीपीएम झाले, आणि आपली मर्यादा ०.०४८! दोघांचा रिस्पॉन्स सारखा धरला तर मर्यादेच्या सत्तरेक पट खोटा सिग्नल, तोही नियमात बसणाऱ्या सॉल्व्हंटमुळे. कार्बन-१३ चा वाटा तर याच्या आठ-नऊ पट.

ट्रिपल क्वाडला (वस्तुमान ढोबळ, पूर्णांकापर्यंतच ओळखणाऱ्या एमएसला) हे तीन आयन वेगळे दिसतच नाहीत. हाय रिझोल्यूशन यंत्रावरही नायट्रोजन-१५ वाला आणि एनडीएमए यांच्यात फरक आहे ०.००१८ चा. तो सुटायचा तर चाळीस हजारांच्या वर रिझोल्यूशन (जवळची वस्तुमानं वेगळी दाखवायची क्षमता) हवं, आणि मास विंडो (मोजायच्या वस्तुमानाची पट्टी) ढिली ठेवली तर तेही वाया. म्हणून कॉलमवरच (घटक वेगळे करणाऱ्या नळीतच) दोघांना वेगळं करा. मेथड बसवताना नुसतं डीएमएफ एकदा इंजेक्ट करून त्याचा रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) लिहून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

सापडलं की आपणच बनवलं?

अ‍ॅसिडिटीवरच्या रॅनिटिडीनचं प्रकरण आठवा. २०१९ मध्ये आधी जे प्रचंड आकडे आले ते जीसी-एमएसचे (सॅम्पलची वाफ करून मोजणाऱ्या यंत्राचे) होते, आणि तिथे सॅम्पल तापत होतं. रॅनिटिडीन तापलं की त्यातूनच एनडीएमए सुटतं. म्हणून एफडीएने एलसी-एमएस वापरायला सांगितलं. याचा अर्थ औषध निर्दोष सुटलं असा मात्र नाही. साठवणीत, विशेषतः उष्णतेत, त्यात एनडीएमए वाढतं हे पुढे दिसलं आणि एप्रिल २०२० मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढायला लावलं. आकडा फुगलेला होता आणि दोषही खरा होता.

आता एलसीवर सगळं थंड म्हणून निश्चिंत राहू नका. मेटफॉर्मिनमध्ये डायमिथाइल अमाइन उरलेलं असू शकतं, एक्सिपियंटमध्ये (गोळीतल्या औषधाव्यतिरिक्तच्या घटकांत) नायट्राइट असू शकतं. त्यात तुम्ही डायल्युएंटला (सॅम्पल विरघळवायच्या द्रवाला) आम्ल घातलंत आणि व्हायल (सॅम्पलची छोटी बाटली) तासभर सोनिकेटरच्या कोमट पाण्यात सोडून चहाला गेलात, तर एनडीएमए व्हायला लागतं तेवढं सगळं तिथे जमलं. शंका असेल तर सॅम्पलमध्ये ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) डायमिथाइल अमाइन टाकून नेहमीसारखी तयारी करा. ड्युटेरियमवालं एनडीएमए दिसलं तर ते तुमच्याच व्हायलमध्ये जन्मलं. (या चाचणीत एनडीएमए-डी६, म्हणजे हेच ड्युटेरियमवालं एनडीएमए, इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी ठरलेल्या प्रमाणात टाकायचं द्रव्य म्हणून, ठेवू नका, नाहीतर काहीच कळणार नाही.) तसं निघालं तर डायल्युएंटमधलं आम्ल काढा किंवा सल्फॅमिक आम्लाने नायट्राइट आधीच संपवा.

उलटी चूकही होते. एनडीएमए उजेडात तुटतं. पारदर्शक व्हायल खिडकीशी ठेवून आलेला ‘पास’ काही कामाचा नाही.

नेहमीच्या खोडी

फॉस्फेट बफरबद्दल काय सांगायचं! फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथातली) एचपीएलसी मेथड उचलून तशीच एमएसला लावतात आणि मग सोर्समध्ये (रेणूंचे आयन बनवणाऱ्या भागात) पांढरा थर बसतो. फॉर्मिक आम्ल, अमोनियम फॉर्मेट, अमोनियम अ‍ॅसिटेट, उडून जाणारं काहीही चालेल. मोबाइल फेजच्या (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाच्या) बाटल्या साबणाने धुऊ नका. ४४-४४ च्या अंतराने पिकांची रांग दिसली तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल आहे, आणि ते बहुतेक वेळा डिटर्जंटमधून येतं. १४९ आणि ३९१ दिसले तर प्लास्टिकमधले थॅलेट. बाटलीच्या तोंडाला पॅराफिल्म गुंडाळायची सवयही सोडा.

मुख्य औषधाचा पीक डायव्हर्ट व्हॉल्व्हने वेस्टला घालवा. १०० मिलिग्रॅमचं द्रावण दर इंजेक्शनला सोर्समध्ये ओतलंत तर संध्याकाळपर्यंत सेन्सिटिव्हिटी बसलीच म्हणून समजा. एनडीएमएसारख्या छोट्या रेणूला बरेचदा ईएसआयपेक्षा एपीसीआय (दोन्ही आयन बनवायच्या पद्धती) बरं पडतं, तेही करून बघा.

रेशो बरोबर, एरिया गायब

इंटर्नल स्टँडर्ड घातलं की मॅट्रिक्स इफेक्टची (सॅम्पलमधल्या इतर घटकांमुळे सिग्नल बदलण्याची) चिंता मिटली, असा समज आहे. एनडीएमए आणि स्टँडर्डचा रेशो सावरला जातो हे खरं, पण सॅम्पलमध्ये त्या स्टँडर्डचा एरिया (पीकखालचं क्षेत्रफळ) दहा टक्क्यांवर आला असेल तर तुमचा एनडीएमएचा सिग्नलही तितकाच दबलाय, आणि मर्यादेजवळचा पीक नॉइजमध्ये बुडालाय. तिथे ‘नॉट डिटेक्टेड’ लिहिणं धोक्याचं. म्हणून निकाल उघडण्याआधी पूर्ण सिक्वेन्समधले (ओळीने चाललेल्या सगळ्या इंजेक्शनमधले) इंटर्नल स्टँडर्डचे एरिया एका ओळीत लावून बघा. सॅम्पलपाशी खड्डा दिसला तर त्याच सॅम्पलमध्ये मर्यादेइतकं एनडीएमए टाकून पुन्हा चालवा. तेही दिसलं नाही, तर तो रिपोर्ट सहीला पाठवू नका.