टाच पॅनियर बॅगेला लागते, बॅग चाकात घुसते: माझा उपाय

सोलापुरात सात रस्ता ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, ऑफिसला सायकलने. पॅनियर म्हणजे मागच्या कॅरियरच्या बाजूला हुकांनी लटकवायची बॅग. पॅडल मागे आलं की टाच बॅगेला लागायची, स्पीडब्रेकरवर बॅग स्पोककडे झुकायची. सॅक घेतली तर उन्हात शर्ट पिळून काढावा असा. पुढच्या बास्केटात डबा ठेवला की हँडल डुलायचं. जाम वैतागलो होतो.

जमलं ते असं: रिकाम्या बॅगेचे वरचे हुक सैल करून ती कॅरियरवर मागे सरकवली. भिंतीला हात टेकून, ऑफिसचे बूट घालून सीटवर बसलो, पॅडल उलटं फिरवलं. टाचेमागे दोन बोटं जागा राहिल्यावरच हुक आवळले. मग खालचा हुक कॅरियरच्या दांडीत अडकवून पट्टा ताणला. चाकाकडच्या बाजूला आतून पातळ प्लायवूड सरकवलं. शेवटी सामान: डबा आणि कुलूप तळाशी, चाकालगत, रेनकोट वर. आखूड कॅरियर असेल तर मोठ्या बॅगेच्या नादी लागूच नका, मागे सरकवायला जागाच उरत नाही.