कोकणातल्या उतारावर घर बांधताना: आधी पाणी, मग आराखडा

उतारावरच्या वाडीत पहिलं काम मिळालं की नवे आर्किटेक्ट बहुधा कौलं, चिरा, पडवी यांपासून सुरुवात करतात. घर गावासारखं दिसलं म्हणजे गावाला सांभाळून घेतलं, असं वाटतं. तसं नसतं. तुमच्या जोत्याने वळवलेलं पाणी खालच्या घराच्या खळ्यात उतरलं, तर सुंदर पडवीचं कौतुक कोणी करणार नाही.

मोजणी मार्च-एप्रिलमध्ये होते, कारण रान सुकलेलं असतं. अर्धा मीटर अंतराच्या समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, मोजून घ्याच. उपग्रह नकाशावरून काढलेल्या फुकटच्या रेषांवर जोतं ठरवू नका. दाट झाडीखाली त्या फसवतात. कोरडा पऱ्या, म्हणजे पावसाळ्यात वाहणारा ओहोळ, तर ओळखूही येत नाही. गडग्याच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या बांधाच्या, पायथ्याशी साचलेला पाचोळा, एकाच बाजूने उघडी पडलेली मुळं, चिऱ्यावरची मातीची रेघ बघा, आणि शेजारच्या आजींना विचारा की आषाढात पाणी कुठून येतं. जुलैत एकदा भर पावसात जागेवर उभं राहा. पावसात साइटवर न गेलेल्या मोठ्या नावाच्या सल्ल्यापेक्षा गडगे घालणाऱ्या गवंड्याचं मत जास्त कामाचं असतं, असं माझं ठाम मत आहे.

आता खरा सापळा. जेसीबीवाला दोन दिवसांत सपाट करून देतो म्हणतो आणि मालकही खूश होतो. हिशेब करा. १:५ उतारावर १५ मीटर लांबीचं घर उताराच्या दिशेने ठेवलं तर दोन टोकांच्या उंचीत ३ मीटरचा फरक पडतो, आणि तेवढं कापावं किंवा भरावं लागतं. तेच घर समपातळी रेषेला समांतर, ८ मीटर रुंदी उताराच्या दिशेने ठेवलं तर फरक १.६ मीटर, दोन टप्प्यांची जोती केली तर प्रत्येकी ०.८.

एवढा आटापिटा कशासाठी? अनेक ठिकाणी वर कडक जांभा आणि खाली मऊ, मेणासारखी चिकणमाती असते. पाणी जांभ्याच्या भोकांतून उतरतं, चिकणमातीशी अडतं आणि सांध्यातून आडवं बाहेर पडतं. तुम्ही कापलंत नेमका तोच सांधा, तर झरा घराच्या मागच्या भिंतीपाशी फुटतो. एप्रिलमध्ये हा काप भिंतीसारखा ताठ उभा असतो, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. भिजल्यावर तीच माती घसरते. जिथे काप सगळ्यात खोल असेल तिथे तळाच्या खाली आणखी एक मीटरपर्यंत चाचणीचा खड्डा घ्या. चिकणमाती लागली तर जोतं हलवा.

भराव हीसुद्धा या सापळ्याचीच दुसरी बाजू. अर्धं घर कापावर आणि अर्धं भरावावर असेल, तर पाया भरावातून खाली मूळ जमिनीपर्यंत न्यायलाच हवा. नाहीतर तडा नेमका त्या सीमारेषेवर जातो.

मीटरभर उंचीपर्यंत कोरडा गडगा उत्तम; पाणी त्यातून झिरपून जातं. सिमेंटने दरजा भरल्या की पाणी मागे तुंबतं आणि भिंत पोट काढते. त्याहून उंच भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या: मागे ३०० मिमी खडीचा थर, ७५ ते १०० मिमीचे पाइप सुमारे दीड मीटरवर, कापाच्या वर पाणी वळवणारा चर, पायथ्याशी गटार. हे सगळं जमण्यासारखं आहे, घाबरून काम सोडू नका. फक्त अंदाजपत्रकात ते पहिल्याच पानावर लिहा. नंतर मागितलेले पैसे मालक देत नाहीत.

सातबारा बघून पायवाट कळेलच असं नाही. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आणि विहिरीकडची वहिवाट वाडीत फिरून नकाशावर आखा आणि तिथे गेट घालू नका. शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. जांभ्याच्या भोकांतून मैला लांबवर जातो, त्यामुळे जागा असेल तर आणखी लांब न्या.

शेवटच्या नकाशावर चर आणि पाइपांची तोंडं लाल रंगात दाखवा, आणि ती दरवर्षी मृगाआधी साफ करायची असं मालकाला लेखी द्या.